कुंपण शेत खातं तेव्हा त्याला अडवतं कोण?

माझा आतेभाऊ यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि तूर पिकवतो. सहा वर्षांपासून त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कपाळावर केसांच्या कडेनं लाल चट्टे आहेत, वर चांदीसारखी सालपटं. याला सोरायसिस म्हणतात. कापसाची वेचणी सुरू होते आणि थंडी पडते, तेव्हा ते फुटून रक्त येतं. सदरा झटकला की पांढरा भुसा खाली पडतो. मागच्या दिवाळीत मी गेलो तर तो पेल्यातून हिरवंगार काहीतरी पीत बसला होता. विचारलं तर म्हणाला, "गुळवेल हाय. माही इम्युनिटी कमजोर हाय म्हनते सारे. वाढवून राह्यलो."

गंमत म्हणजे त्याच महिन्यात, ६ ऑक्टोबर २०२५ ला, वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं होतं. मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची या तिघांना. पेपरात बातमी आली, पण तिच्यातले शब्द इतके जड की चहाचा कप संपेपर्यंत माणूस क्रिकेटच्या पानावर गेलेला. खरं तर ती बातमी माझ्या भावाच्या कोपराबद्दलच होती. आणि त्या पेल्यातल्या गुळवेलीमागच्या हिशेबाच्या नेमकी उलट होती.

अंगातली जागल

पीक हाताशी आलं की आपल्याकडे रात्री शेतात जागलीला जावं लागतं. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा आडवा करतो, रोही तुरीचे शेंडे खुडून नेतात. मचाणावर बसलेला माणूस अंधारात पान हललं तरी हाळी देतो. मग शेजारच्या शेतातला डबा बडवतो, तिसरा फटाका फोडतो, चौथा काठी घेऊन धावत सुटतो. ही घाई बरोबरच आहे. काय हललं याचा विचार करत बसलं तर सकाळी विचार तेवढा उरतो.

शरीरातली रोगप्रतिकार यंत्रणा अशीच जागलीला बसलेली असते. जंतू आत शिरला की तिच्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, कुमक येते, जागा लाल, गरम, सुजलेली आणि दुखरी होते. याला म्हणायचं दाह. बोटात बाभळीचा काटा रुतल्यावर जो ठणका लागतो, तो दाहच. तो मुळात आजार नाही, ती हाळी आहे.

अडचण पुढे येते. अंधारात हललं ते डुक्कर नसून दावं तोडून आलेला आपलाच गोऱ्हा असला तर? काठ्या उगारलेल्या, माणसं तापलेली. अशा वेळी एखादा जाणता पुढे होतो, बॅटरी मारतो आणि म्हणतो, "थांबा बे, आपलाच हाय." तो नसला तर गोऱ्ह्याचं काही खरं नसतं. राखणदार आपल्याच अंगावर उठतात, त्या आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. सोरायसिस त्यातला, कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डागही त्यातलेच.

कुंपणच शेत खातं ही म्हण इथे हमखास आठवते. पण म्हणीतलं कुंपण लबाड आहे, शरीरातलं नाही. ते इमानदारीनं चुकतं. म्हणून कुंपण का चुकतं यापेक्षा बॅटरी मारणारा कुठे गेला, हा प्रश्न जास्त कामाचा. तिघांना नोबेल मिळालं ते या जाणत्याच्या शोधासाठी. त्याचं शास्त्रातलं नाव नियामक टी-पेशी. मी त्याला जाणताच म्हणतो.

डवरणीतून सुटलेलं तण

टी-पेशी या राखणदारांमधल्या खास पेशी. त्या हाडांच्या मगजात जन्मतात आणि छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. त्यांच्या नावातला 'टी' तिथूनच आला. प्रत्येक टी-पेशी एक विशिष्ट आकार ओळखायला शिकते, पण कोणता, हे जवळजवळ नशिबावर ठरतं. त्यामुळे काही पेशी आपल्याच शरीराचे आकार शत्रू म्हणून ओळखणाऱ्या निघतात. थायमस अशांना हेरून तिथेच संपवतो.

बरीच वर्षं बहुतेकांना वाटायचं की एवढी छाननी पुरे. डवरा धरलेल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की पुरे नाही. डवरा ओळींमधलं तण काढतो, पण कपाशीच्या बुडाशी चिकटलेलं तण तसंच राहतं, त्याला हातानं निंदावं लागतं. थायमसमधूनही तण सुटतं. तुमच्या-माझ्या, अगदी ठणठणीत माणसाच्या रक्तातही स्वतःवर उलटू शकणाऱ्या टी-पेशी फिरत असतात. तरी बहुतेकांना काही होत नाही. (इथे उपमा जरा लंगडते. जाणता हे तण सहसा उपटत नाही, त्याला वाढू देत नाही.)

साकागुचींना संशय आला तो एका विचित्र प्रयोगातून. उंदराच्या पिलाचा थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढला, तर टी-पेशी कमी होऊन संरक्षण ढिलं पडायला हवं. झालं उलटंच. पिलाचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडलं. त्याला निरोगी उंदराच्या टी-पेशी टोचल्या की मात्र हल्ला टळायचा. म्हणजे टी-पेशींमध्येच कुणीतरी 'थांबा' म्हणणारं होतं. दाबणाऱ्या टी-पेशींची कल्पना तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये बदनाम झालेली. आधीचे दावे टिकले नव्हते, त्यामुळे यांचंही कुणी फारसं मनावर घेईना. १९९५ मध्ये त्यांनी या पेशी कोणत्या खुणेवरून वेगळ्या काढता येतात ते दाखवलं. रक्तातल्या मदतनीस टी-पेशींमध्ये त्या साधारण ५ ते १० टक्के असतात. गावाच्या मानानं जाणती माणसं तेवढीच, म्हणायला हरकत नाही.

खवल्यांचे उंदीर

गोष्टीचा दुसरा धागा थेट कातडीतून निघतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ओक रिज इथे, किरणोत्साराचे परिणाम तपासण्यासाठी उंदीर पाळले होते. अणुबॉम्बच्या प्रकल्पातलंच ते काम. तिथे योगायोगानं काही नर पिलं अशी जन्मली की त्यांची कातडी कोरडी, खवल्याखवल्यांची, प्लीहा आणि लसिकाग्रंथी फुगलेल्या. काही आठवड्यांतच ती मरायची. त्यांचं नाव पडलं 'स्कर्फी', म्हणजे आपल्या भाषेत खवडे उंदीर. फक्त नरच का? कारण बिघाड एक्स गुणसूत्रावर होता. मादीकडे दुसरं एक्स असतं, तिचं भागून जातं.

पुढे १९९० च्या दशकात ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांनी हा बिघाड शोधायचं ठरवलं. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. गुणसूत्राचा तुकडा लहान लहान करत ते वीस जनुकांपर्यंत आले आणि एकेक तपासत गेले. सापडलं ते विसावं, शेवटचं. फॉक्स-पी-३ असं त्याचं नाव पुढे रूढ झालं. २००१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. माणसांतही काही मुलगे याच जनुकाच्या बिघाडासह जन्मतात. तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, मधुमेह आणि अंगभर इसब. दोन वर्षांत दोन्ही धागे जुळले. साकागुचींनी आणि इतरांनी दाखवलं की जाणत्या पेशी घडतात त्या याच जनुकाच्या हुकमानं.

रॅम्सडेलना स्वतःचं नोबेल कित्येक तास उशिरा कळलं. ते डोंगरात भटकायला गेले होते आणि फोन बंद ठेवला होता. हा माणूस मला आवडला.

जाणता नेमकं करतो काय? टी-पेशींना संख्या वाढवायला एक खाद्य लागतं, ते हा आधीच शोषून घेतो. भाकरीच नाही तर जमाव किती वेळ टिकणार? शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या पेशींच्या अंगावर 'चला, उठा' असा इशारा देणारे झेंडे असतात, ते काढून घेतो. शिवाय स्वतः शांततेचे निरोप सोडतो.

कोपरावर काय बिनसतं

निरोगी कातडीचा थर खालून वर यायला साधारण महिना घेतो. सोरायसिसमध्ये हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. कच्चा माल वर येतो, नीट सुटत नाही, थर साचतात. ती चांदीची सालपटं म्हणजे घाईघाईत बांधलेली भिंत.

ही घाई लावतो कोण? कोपर बैलबंडीच्या दांडीला घासलं, विळा लागला, घसा जंतूंनी धरला, थंडीनं कातडी तडकली, कशानंही सुरुवात होते. कातडीतल्या पेशी हाळी देतात. ती ऐकून पहारेकरी पेशी आयएल-२३ नावाचा निरोप सोडतात. त्यानं टी-पेशींची एक तुकडी चेतते आणि आयएल-१७ हा दुसरा निरोप ओरडू लागते. तो ऐकून कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि आणखी हाळी देतात. डबा ऐकून फटाका, फटाका ऐकून पुन्हा डबा. डुक्कर कधीच नव्हतं, पण शिवार रात्रभर जागं.

मग जाणते कुठे असतात? ते चट्ट्यातच असतात, हे मला वाचताना सगळ्यात चकित करून गेलं. सोरायसिसच्या कातडीत त्यांची संख्या कमी नसते, बऱ्याचदा जास्तच सापडते. पण त्यांचं कुणी ऐकत नाही. एवढ्या गोंगाटात त्यांची दाबण्याची ताकद कमी पडते. काही तर स्वतःच आयएल-१७ बनवू लागतात असं रुग्णांच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत दिसलंय. भांडण सोडवायला गेलेला काठी उचलून बसला, तसंच.

कोडात निशाणा वेगळा असतो. टी-पेशी कातडीला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतात. खवले नाहीत, बहुधा खाजही नाही, नुसता रंग जातो. इथे मात्र डागांच्या आसपास जाणतेच कमी असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलंय. डाग भरू लागतो तेव्हा केसांच्या मुळाशी आधी तपकिरी ठिपके उगवतात. कारण रंगाच्या पेशींचं बियाणं तिथे राखून ठेवलेलं असतं.

औषधानं चट्टा गेला तरी पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी का उमटतो, हेही लोक विचारतात. काही टी-पेशी लढाई संपल्यावर परत जात नाहीत. त्या कातडीतच मुक्काम ठोकतात, जुनी आठवण घेऊन. वरून कातडी साफ, खाली निखारा.

"मंग इम्युनिटी वाढवाचीच नाही का?"

भावानं हेच विचारलं. कोरोनापासून 'इम्युनिटी' हा शब्द आपल्याकडे सिमेंटच्या पोत्यासारखा झालाय, जितकी जास्त तितकं घर मजबूत. पण ही यंत्रणा पोतं नाही, बैलजोडी आहे. तिला आसूडही लागतो आणि कासराही. सोरायसिसच्या माणसाचे बैल थकलेले नसतात, ते उधळलेले असतात. त्यांना आणखी पेंड चारून काय होणार?

याचा पुरावा कॅन्सरच्या दवाखान्यात मिळतो. प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडून तिला गाठीवर घालणारी औषधं निघाली, त्यामागच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. ती घेणाऱ्या काही रुग्णांना नव्यानं सोरायसिस झाला, कुणाचा जुना उसळला. कातडीच्या कॅन्सरच्या काही रुग्णांच्या अंगावर पांढरे डाग उठले. ब्रेक सैल झाला आणि कातडी पेटली, इतकं सरळ.

गुळवेलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला ऑटोइम्यून धाटणीची सूज आल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, ज्याची यंत्रणा आधीच स्वतःवर उठली आहे त्यानं तिला डिवचणारं काही स्वतःच्या मनानं पिऊ नये, असं माझं मत आहे. भावाला मी हेच म्हणालो. त्यानं पेला संपवला आणि मग विचार करतो म्हणाला.

"ते ट्यूब लावली की दोन दिसात जाते ना!"

जाते, खरं आहे. मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या त्या बहुगुणी ट्यूबांमध्ये बहुतेकदा तगडं स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड सगळ्या राखणदारांना एकदम झोपवतं. सोरायसिसच्या चट्ट्यावर, डॉक्टरनं सांगितलेल्या जागी आणि सांगितलेले दिवस, हे योग्य औषध आहे. त्याला उगाच विष म्हणून घाबरू नये.

घात होतो तो दोन ठिकाणी. जांघेत गजकर्ण असेल तर तिथे खरंच डुक्कर शिरलेलं असतं, म्हणजे बुरशी. तिथे राखणदार झोपवले की खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी मांड्यांवर, पोटावर पसरते. पुन्हा ट्यूब, पुन्हा पसरणं. विदर्भात असं घर सापडणं कठीण नाही, जिथे एकच ट्यूब सासू, सून आणि नातू वापरतात. दुसरा घात सोरायसिसवाल्यांचा. कुणीतरी स्टेरॉइडची सुई किंवा गोळ्या देतो, अंग चकचकीत होतं, माणूस लग्नात मिरवून येतो. मग औषध एकदम थांबतं आणि झोपलेले सगळे एकाच वेळी दचकून उठतात. अंगभर लाली, कधी पू भरलेल्या पुळ्या, ताप, थेट भरती. माझ्या भावाला एकदा अशीच सुई मिळाली होती. कुणी दिली ते सोडा. तीन आठवड्यांनी तो पाठ टेकू शकत नव्हता.

आणि ऊन? कोवळ्या उन्हानं चट्ट्यांना बरं वाटतं. दवाखान्यात प्रकाशाचे उपचार देतात तेही ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या मोजून घेतलेल्या किरणांचे. पण मे महिन्यात पारा ४५ ला असताना पांढरा डाग उघडा टाकून बसणं म्हणजे उपचार नव्हे, भाजणं. भाजलेल्या जागी नवा डाग उमटू शकतो. बावचीचं तेल लावून उन्हात बसणाऱ्यांच्या कातडीवर फोड येतात. बावचीत कातडीला उन्हाबाबत हळवं करणारं द्रव्य खरोखरच असतं, आधुनिक उपचारांतही त्या जातीचं औषध वापरलंय. पण तिथे मात्रा आणि मिनिटं मोजलेली असतात.

"लागट तं नाही? महारोग तं नाही?"

लागट नाही. एका ताटात जेवा, एका खाटेवर झोपा, बाळाला घ्या. सोरायसिस आणि कोड यांत लागायला जंतूच नसतो. दूध-मासे एकत्र खाल्ल्यानंही कोड होत नाही.

महारोगाची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या भागात वरोऱ्याचं आनंदवन १९४९ पासून आहे, अमरावतीचं तपोवन त्याहून जुनं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुष्ठरोग अजूनही सापडतो. फरक साधारण असा, की कोडाचा डाग दुधासारखा पांढराफेक असतो आणि तिथे स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बऱ्याचदा बधिर, कापूस फिरवला तरी कळत नाही. बधिर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. खरं तर निदान झालेला कुष्ठरोग सोरायसिसपेक्षा सरळ आजार आहे, ठराविक महिन्यांत संपणारा. लोकांची भीती उलटी बसलीय.

सोयरिकीच्या वेळी विचारतात, पोरांना होईल का? घराण्यात असलं की शक्यता वाढते, नक्की काही नसतं. हुबेहूब जुळ्यांमध्येही एकाला कोड असताना दुसऱ्याला बहुतेकदा होत नाही.

"मंग हा जाणताच सुईतून का देत नाही?"

प्रश्न बरोबर आहे, आणि त्यावर काम चालू आहे. कुठे त्या पेशी बाहेर काढून, वाढवून परत देतात, कुठे त्यांचं खाद्य अगदी थोड्या मात्रेत टोचून त्यांनाच पोसतात. अजून हे चाचण्यांमध्येच आहे. अडचणीही खऱ्या आहेत. पेटलेल्या कातडीत जाणता बिथरू शकतो हे वर आलंच. शिवाय कॅन्सरची गाठ याच जाणत्यांना आपल्याभोवती बसवून राखणदारांपासून लपते. म्हणून सरसकट वाढवून चालत नाही. कोड 'मुळातून' घालवणारं इंजेक्शन आत्ता कुणी विकत असेल तर खिसा सांभाळा.

आज जे मिळतं ते असं. लावायची औषधं, प्रकाश, आयएल-१७ किंवा आयएल-२३ हे निरोपच अडवणारी इंजेक्शनं. ही इंजेक्शनं प्रभावी आहेत, पण महाग. यांतल्या काहींनी अंगात दबलेला क्षयरोग जागा होऊ शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी करतात. सांधे सकाळी आखडत असतील तर डॉक्टरला आवर्जून सांगायचं, सोरायसिस सांध्यांतही उतरतो. दारू आणि बिडी त्याला भडकवतात. आंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल किंवा व्हॅसलीन, हे सगळ्यात स्वस्त आणि रोजचं.

आणि मेथोट्रेक्सेट, जुनी आणि स्वस्त गोळी. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. शेवटी भाऊ त्यातल्या एका ठिकाणी गेला, त्याला हीच सुरू झाली. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. इतर गोळ्यांसारखी रोज घेतली तर हाडांतला मगज बंद पडतो, माणूस दगावू शकतो. सोबत फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी, दारू बंद, ठरलेल्या वेळी रक्ततपासणी. घरात मूल होऊ द्यायचा विचार असेल तर नवरा-बायको दोघांनी आधी डॉक्टरशी बोलायचं.

त्यानं लक्षात ठेवायला बाजाराचा दिवस धरला. त्यांच्याकडे गुरुवारी बाजार भरतो. सकाळी वहिनी थैली हातात देतात आणि थैलीबरोबर गोळी. पुढच्या तपासणीला त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पोळ्याच्या हप्त्यात बाजार बुधवारीच भरते, मंग?" त्या म्हणाल्या, बाजार कधीही भरू दे, गोळी गुरुवारीच.